पावसातील प्रकाशदुवा : एका आकड्याचे परीक्षण

काँगो नदीच्या दोन तीरांवरील ब्राझाव्हिल व किन्शासा ही शहरे आल्फाबेट कंपनीच्या ‘तारा’ प्रकल्पाने ४.८ किलोमीटरांच्या प्रकाशकिरणाने सांधली. २० दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट माहिती ९९.९ टक्के उपलब्धतेने वाहून नेल्याचे २०२१ साली जाहीर झाले. प्रयोग निःसंशय अभिनंदनीय होय. तथापि वर्षभराच्या सरींचा हिशेब २० दिवसांतून निघत नाही.

रूढ सूत्रानुसार ताशी १०० मिलिमीटरांच्या पावसात प्रकाश दर किलोमीटरास सुमारे २३ डेसिबेल क्षीण होतो, म्हणजे त्याचा दोनशेवा अंशच उरतो. लेसरची शक्ती दुप्पट केली तरी लाभ ३ डेसिबेलांचाच! तरंगलांबी बदलण्याचा उपायही येथे निरुपयोगी, कारण थेंब तीहून शेकडो पटींनी मोठे असतात. आरशांनी किरण अचूक रोखण्याचे ‘तारा’चे कौशल्य वारा व कंप यांवरील उतारा आहे, पावसावरील नव्हे.

तेव्हा टप्पे आखूड करावेत आणि जोडीला रेडिओदुवा ठेवावा, हेच इष्ट. तो मात्र मिलिमीटर-तरंगांचा नसावा; ते धुक्यात तरतात, पण मुसळधार पावसात प्रकाशाबरोबरच बुडतात. ५ गिगाहर्ट्झसारख्या खालच्या वारंवारतेचा दुवा मंदगती खरा, परंतु त्याला पावसाची बाधा जवळजवळ होत नाही.