पायलोनिडल सायनसवरील त्वचापट-शस्त्रक्रियांची तुलना : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

माकडहाडाच्या वर, दोन्ही नितंबांमधील घळीत त्वचेखाली केस साचून जो नाडीव्रण निर्माण होतो, त्यास वैद्यकात पायलोनिडल सायनस असे म्हणतात. अमेरिकन शल्यविशारद हॉजेस यांनी १८८० मध्ये लॅटिनमधील 'केस' व 'घरटे' या अर्थाच्या शब्दांवरून हे नाव रूढ केले. हा आजार सहसा जिवावर बेतत नाही. मात्र तो प्रामुख्याने तारुण्यात, म्हणजे शिक्षण व नोकरीच्या उमेदीच्या काळात जडतो आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये अधिक आढळतो. ज्या विद्यार्थ्याला तासभर बाकावर बसता येत नाही किंवा ज्या वाहनचालकाला रोज जखमेची मलमपट्टी करावी लागते, त्याच्या दृष्टीने हा आजार क्षुल्लक नसतो. त्यातही एकदा शस्त्रक्रिया होऊन तो पुन्हा उद्भवला, तर रुग्णाचा उपचारांवरील विश्वासच डळमळतो.

या आजारासाठी सुचविल्या गेलेल्या शस्त्रक्रियांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी त्वचापट, म्हणजेच फ्लॅप, वापरून केल्या जाणाऱ्या पद्धतींची परस्परतुलना करणारे शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यांतून कोणती पद्धत श्रेष्ठ हे ठरविण्याचा नाही. ही तुलना ज्या रीतीने केली जाते, ती रीत कितपत ग्राह्य आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कारणमीमांसेतील बदल

प्रारंभी हा आजार जन्मजात मानला जात असे. त्यामुळे दोष मुळासकट काढण्यासाठी मध्यरेषेवरील त्वचा व चरबी हाडापर्यंत खोल कापून काढावी, हा विचार प्रबळ होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील सुमारे ८० हजार जवानांना या आजारासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जीपगाड्यांतून खडबडीत रस्त्यांवर प्रवास करणाऱ्या सैनिकांमध्ये तो वारंवार दिसल्याने ब्यूई यांनी १९४४ मध्ये त्यास 'जीपचा आजार' म्हटले. १९४६ मध्ये पेटी व स्कार्फ यांनी हा आजार जन्मजात नसून नंतर संपादित होतो, असे मत मांडले. केशकर्तन करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे केस शिरून तसाच नाडीव्रण होतो, या निरीक्षणाने त्या मतास बळकटी मिळाली.

ग्रीसमधील लष्करी शल्यविशारद कारिडाकिस यांनी या मताला सूत्रबद्ध रूप दिले. सुटा केस, त्यास आत ढकलणारा जोर आणि त्यास वाट देणारी दुर्बल त्वचा, हे तीन घटक एकत्र आले की आजार होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. खोल, दमट व घर्षणयुक्त घळीच्या तळाशी हे तिन्ही घटक सहज एकत्र येतात. म्हणजे दोष केवळ कापून काढलेल्या भागात नसून त्या जागेच्या रचनेतही आहे. मध्यरेषेवर घेतलेले टाके याच दुर्बल जागी नवा व्रण ठेवून जातात.

त्वचापट पद्धतींचे स्वरूप

शेजारची निरोगी त्वचा तिचा रक्तपुरवठा कायम ठेवून सरकवणे व तिने जखम झाकणे, हे त्वचापटाचे मूलतत्त्व होय. हे तत्त्व आपल्याकडे अपरिचित नाही. पुण्याजवळ कावसजी नावाच्या इसमाचे कापलेले नाक कपाळाची त्वचा वळवून पुन्हा घडविल्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

पायलोनिडल सायनससाठी आज प्रामुख्याने तीन पद्धतींचा विचार होतो. पहिली कारिडाकिस यांची, जी त्यांनी १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. तीत लंबवर्तुळाकार छेद मध्यरेषेच्या एका बाजूस घेतला जातो. विरुद्ध बाजूची त्वचा मोकळी करून त्या बाजूस ओढली जाते, त्यामुळे टाक्यांची रेषा घळीबाहेर जाते. दुसरी लिंबर्ग यांची. ६० व १२० अंशांचे कोन असलेल्या समभुज चौकोनात रोगट भाग काढून नितंबावरील तेवढ्याच आकाराचा त्वचा व चरबीचा पट तेथे वळविला जातो. रशियन शल्यविशारद लिंबर्ग यांची ही भूमितीय रचना मुळात या आजारासाठी नव्हती, ती नंतर येथे वापरात आली. तिसरी अमेरिकेतील बास्कम यांची. तीत खोल चरबी फारशी न काढता केवळ त्वचेचा पट सरकवून घळच उथळ केली जाते.

वरवर भिन्न दिसणाऱ्या या तिन्ही पद्धती दोनच गोष्टी साधू पाहतात : घळ उथळ करणे आणि जखमेची रेषा मध्यरेषेपासून दूर नेणे. लिंबर्ग पद्धतीच्या मूळ आराखड्यात मात्र चौकोनाचा खालचा कोन मध्यरेषेवरच राहतो आणि जखम चिघळण्याच्या व आजार उलटण्याच्या तक्रारी अनेकदा त्याच कोनाशी संबंधित असतात. म्हणून सुधारित लिंबर्ग पद्धतीत हा कोन बाजूला सरकवितात. ही सुधारणा लक्षणीय आहे, कारण पद्धतीचे नाव तेच राहूनही तिचे यश एका कोनाच्या जागेवर अवलंबून असल्याचे तिच्यावरून दिसते.

तुलनात्मक अभ्यासांची मर्यादा

मध्यरेषेवर टाके घालण्यापेक्षा बाजूला टाके घालणे हितावह आहे, याविषयी पुरावा भक्कम आहे. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या व २,५३० रुग्णांची माहिती तपासली गेली आणि टाके घालावयाचे असल्यास ते मध्यरेषेबाहेर घालावेत, असा निष्कर्ष निघाला. येथवर मतभेदास फारसा वाव नाही. वाद सुरू होतो तो त्वचापटांच्या आपसांतील तुलनेपासून.

कारिडाकिस व लिंबर्ग यांची तुलना करणाऱ्या तीन यादृच्छिक चाचण्या तुर्कस्तानातून जवळपास एकाच वेळी, २००९-११ च्या सुमारास, पुढे आल्या. १०० रुग्णांच्या चाचणीत कारिडाकिस गटात जखमेचा संसर्ग अधिक आढळला. १४५ रुग्णांच्या बहुकेंद्री चाचणीत सुधारित लिंबर्गशी तुलना करता उल्लेखनीय फरक दिसला नाही. २६९ रुग्णांच्या चाचणीत मात्र कारिडाकिस गटात एकंदर गुंतागुंत कमी दिसली. एकाच देशातील तीन चाचण्यांनी तीन वेगळी उत्तरे द्यावीत, याचा अर्थ काय लावावा?

पहिला अर्थ संख्याशास्त्रीय आहे. समजा एका पद्धतीत पुनरुद्भवाचे खरे प्रमाण २ टक्के व दुसरीत ४ टक्के आहे. हा दुपटीचा फरक रूढ संख्याशास्त्रीय निकषांवर खात्रीने ओळखावयाचा, तर प्रत्येक गटात ११०० हून अधिक रुग्ण हवेत. ५० रुग्णांच्या गटात एकालाही आजार उलटला नाही, तरी खरे प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत असू शकते. म्हणजेच 'फरक आढळला नाही' या वाक्याचा अर्थ 'फरक नाही' असा होत नाही. अनेक निबंधांच्या निष्कर्षात मात्र ही दोन विधाने एकच मानलेली दिसतात.

दुसरा अर्थ काळाशी निगडित आहे. २०१८ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ७४० अभ्यासांतील ८९,५८३ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. पुनरुद्भवाचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या पद्धतीबरोबरच पाठपुराव्याच्या कालावधीवर अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले. मध्यरेषेवर टाके घातलेल्या रुग्णांत वीस वर्षांअखेर हे प्रमाण ६७.९ टक्क्यांपर्यंत पोहोचलेले दिसते. इतक्या दीर्घ काळापर्यंत पाहिलेले रुग्ण थोडेच असतात, म्हणून हा आकडा सावधपणे वाचला पाहिजे. तरीही एक-दोन वर्षांच्या पाठपुराव्यावर 'यशस्वी' हा शिक्का मारणे किती घाईचे आहे, हे त्यावरून कळते. दोन पद्धतींचे पाठपुरावे असमान असतील, तर त्यांच्या टक्केवाऱ्या शेजारी शेजारी मांडणे ही तुलनाच नव्हे.

तिसरी मर्यादा शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांची. कारिडाकिस यांनी १९९२ मध्ये ७,४७१ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांपैकी ६,५४५ जणांचा २ ते २० वर्षे पाठपुरावा झाला होता व पुनरुद्भव सुमारे १ टक्का होता. हे कार्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु ते पद्धतीच्या जनकाचे, स्वतःच्या हातचे आणि तुलनेसाठी दुसरा गट नसलेले निवेदन आहे. तालुक्याच्या ठिकाणी वर्षाकाठी मोजक्याच अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदास तोच परिणाम मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

तुलनेतून निसटणारा रुग्ण

पुनरुद्भव हा एकच निकष मानल्याने रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाच्या कित्येक गोष्टी तळटीपेत जातात. लिंबर्ग पद्धतीत नितंबावर वाकडातिकडा, ठळक व्रण कायम राहतो आणि पटाची संवेदना काही अंशी हरपू शकते. कारिडाकिस पद्धतीत व्रणाची रेषा तुलनेने साधी असते, पण खूप रुंद भाग काढावा लागल्यास टाक्यांवर ताण येतो. कोणत्या रुग्णाने कोणती किंमत मोजावी, हा प्रश्न केवळ आकडेवारीने सुटत नाही. तो रुग्णाशी बोलूनच सुटतो. शिवाय अनेक चाचण्यांत पुरुष रुग्णांचेच प्राबल्य असल्याने स्त्री रुग्णांच्या पसंतीविषयी त्या फारसे सांगत नाहीत.

याहून मूलगामी प्रश्न असा की, प्रत्येक रुग्णास त्वचापट हवाच काय? हवाईमधील अमेरिकन लष्करी रुग्णालयातून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुभवात केस काढणे, स्वच्छता व मर्यादित छेद यांवर भर दिल्याने मोठ्या शस्त्रक्रियांची गरज लक्षणीयरीत्या घटली. २०२४ मध्ये 'जामा सर्जरी'त प्रसिद्ध झालेल्या ३०२ किशोरवयीन व तरुण रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत नेहमीच्या काळजीस लेझरद्वारे केस काढण्याची जोड दिली असता वर्षभरातील पुनरुद्भव ३३.६ टक्क्यांवरून १०.४ टक्क्यांवर आला. सौम्य आजाराच्या रुग्णांना त्वचापटाच्या चाचणीत घेतल्यास पद्धत आहे त्याहून अधिक गुणकारी भासते, कारण त्यांपैकी काही जण लहान उपचारानेही बरे झाले असते. आपल्याकडे आयुर्वेदीय शल्यचिकित्सेत नाडीव्रणासाठी क्षारसूत्राचा वापर होतो. त्याचेही मूल्यमापन हेच दीर्घकालीन निकष लावून व्हावयास हवे. परंपरेचा आदर म्हणून त्यास सूट देणे किंवा परंपरेचे म्हणून त्यास वगळणे, दोन्ही अशास्त्रीयच होय.

निष्कर्ष

१. त्वचापट पद्धतींच्या यशाचे मर्म त्यांच्या नावांत नसून जखम मध्यरेषेबाहेर नेण्यात व घळ उथळ करण्यात आहे.

२. कारिडाकिस व लिंबर्ग यांपैकी एक निर्विवाद श्रेष्ठ ठरविण्याइतका पुरावा येथे विचारात घेतलेल्या चाचण्यांतून मिळत नाही. लहान चाचण्यांतील 'फरक नाही' हे विधान समानतेचा पुरावा मानू नये.

३. पाठपुराव्याचा कालावधी न सांगता दिलेली पुनरुद्भवाची टक्केवारी निरर्थक आहे. तो किमान पाच वर्षांचा असावा, अशी अपेक्षा वाजवी ठरते.

४. आजाराची तीव्रता, व्रणाचे स्वरूप, कामावर परतण्यास लागलेला काळ आणि रुग्णाचे समाधान यांची नोंद मुख्य निकषांत व्हावी.

शोधनिबंधांची संख्या वाढविणाऱ्या आणखी एका अल्पमुदतीच्या तुलनेपेक्षा, पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना पाच-दहा वर्षांनी पुन्हा बोलावून तपासणे हे अधिक मोलाचे संशोधन ठरेल. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही, जपून ठेवलेली नोंदवही व चिकाटी पुरते. आपल्या जिल्हा रुग्णालयांना व वैद्यकीय महाविद्यालयांना हे सहज शक्य आहे.