हुर्यो आणि हेकल

मागल्या वर्षी एका गावच्या व्याख्यानमालेत मी माझ्याच कादंबरीविषयी बोलत होतो. भाषण रंगात आले असता मागल्या रांगेतून एक शेतकरी उठून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पुस्तकात श्रावणात भुईमूग काढलाय. तो कुठल्या शिवारात?" मंडपात हशा पिकला. 'प्रश्न शेवटी' असे म्हणून मी वेळ मारून नेली, आणि घरी येईपर्यंत हुर्यो उडवणाऱ्यांवर एक जळजळीत लेख मनातल्या मनात लिहून टाकला.

तो कागदावर उतरला नाही, याला कारण एक इंग्रजी शब्द. वक्त्याला वा नटाला मध्येच टोकून बेजार करणे याला त्या भाषेत 'हेकल' म्हणतात. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते, म्हणून कोश उघडला. तो हेकल म्हणजे मुळात फणी निघाली! फळीवर पोलादी दाते उभे केलेले. आपल्याकडे अंबाडीचा असतो तसा जवसाच्या काडीचा वाख त्यांवर टाकून ओढायचा. आखूड गुंता दात्यांत अडकतो, लांब सरळ धागा हाती राहतो. हे काम करणारा तो हेकलर. कवी रॉबर्ट बर्न्स १७८१ साली आयर्विन गावी हाच धंदा शिकायला गेला होता. पण नववर्षाच्या जल्लोषात दुकानच जळाले. वाङ्मयाचे नशीब!

स्कॉटलंडातल्या डंडी शहराचे हेकलर मोठे तोंडाळ म्हणून गाजलेले. बाकीचे फणी चालवीत असता एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची, आणि त्यावर वाद पेटे. अठराव्या शतकाच्या अखेरीस 'हेकल'ला खोदून खोदून विचारण्याचा अर्थ आला, आणि पुढे पार्लमेंटच्या उमेदवाराला भरसभेत असे विंचरून काढणे हा तिकडचा रिवाजच झाला. नटांची पाळी मागाहून आली.

आपला 'हुर्यो' मला यापुढे फार गरीब वाटतो. त्यात नुसता आवाज आहे. 'पिंजून काढणे' आहे खरे, पण पिंजतो तो विषय. वक्ता सुखरूप घरी जातो. अर्थात आजचे बहुतेक हेकलरही नुसती ओरड करतात, त्यांचे कौतुक मला सांगायचे नाही. त्या शेतकऱ्याने मात्र ओरड केली नव्हती. त्याने माझा वाख दात्यांवर टाकला होता, आणि गुंता माझाच होता.

दुसऱ्या आवृत्तीसाठी भुईमूग आश्विनात नेला आहे. पण त्याच शेताच्या बांधावर, त्याच प्रकरणात, नायिकेचा नागपंचमीचा झोका आहे. तो आता कुठे टांगावा, हे काही सुचत नाही.