पाते परक्याचे, मूठ आपली

सन २०२५ च्या एप्रिलात लंडन येथील लिलावात महाराष्ट्र शासनाने नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, व ऑगस्टात ती मुंबईस आली. तिजविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्यात किमतीचा व अभिमानाचा भाग मोठा, मुठीचा विचार थोडा. तिचे पाते युरोपीय घडणीचे आहे हे कळले म्हणजे अभिमानी वाचकाचे मन किंचित खट्टू होते. वस्तुतः तसे होण्याचे कारण नाही. पात्याच्या पाठीवर सोन्याने भरलेल्या देवनागरी लेखातच ‘फिरंग’ हा शब्द आहे. प्रत्यक्ष धन्यास त्यात कमीपणा वाटला नव्हता.

आमच्या मते मराठी तलवारीची कला शोधावयाची ती मुठीत. जुन्या खांड्याची मूठ साधी असे. पुढे दख्खनेत तीस रुंद परज आली, बोटांवरून वळणारी पट्टी आली, हातास टोचू नये म्हणून आत गादी आली, आणि शेवटास लांब गज आला. वार जड करावयाचा तर दुसरा हात त्यावर पडे. किनाऱ्यावर उतरलेली सरळ, लांब पाती या मुठीत बसली. पट्ट्याची तर मूठच कोपरापर्यंतचे चिलखत झाली. मोगली धाटणीच्या वक्र तलवारीची मूठ आखूड पाहून कित्येक इंग्रजांनी हिंदी माणसाचा हातच लहान ठरविला! ती मुद्दाम घट्ट ठेवलेली असे. तळाची चकती मनगट आवरी व ओढून कापणारा वार साधे.

जपानात धार खाली करून कमरेस लोंबणारी ताची मागे पडली व धार वर करून पट्ट्यात खोवलेली कताना रूढ झाली. तेथील मूठ बांबूच्या खुंटीने अडकविलेली असल्यामुळे पाते तेच ठेवून साज बदलता येई. तोकुगावांच्या दीर्घ शांततेत परज हा दागिनाच झाला. १८७६ साली तलवार बाळगण्यास बंदी झाल्यावर ते कारागीर फुलदाण्या व डब्या घडवू लागले. आज त्या परजा सुट्या मांडून, कारागिरांच्या नावानिशी पाहिल्या जातात.

आमच्याकडे पात्याचे शेपूट पोकळ मुठीत तापविलेल्या लाखेने बसवीत. मुठीवर कारागिराचे नाव क्वचितच असते, आणि संग्रहालयाच्या चिठ्ठीवर बहुधा धन्याचे नाव व शतक एवढेच. त्या चिठ्ठीत मुठीची जात, गादी, सोन्याचे काम व दुरुस्तीच्या खुणा यांस दोन ओळी मिळाव्यात, एवढे मागणे फार नव्हे.

पालमसारख्या गोदावरीच्या खोऱ्यातील गावी एखाद्या जुन्या घरी तलवार असेल, तर ती खंडेनवमीस पूजेला निघेल. त्या वेळी राखेने घासून मूठ लखलखीत करण्याचा मोह घरच्यांनी आवरावा. पृष्ठावर बसविलेली सोन्याची तार अशा घासण्याने निघून जाते. लाख सैल झाली असली तरी पाते नव्या मुठीत घालू नये.