पोर्तो नोव्होचा लोह-कारखाना : इतिहासलेखनातील एक उणीव

जोसाया मार्शल हीथ यांनी १८३० मध्ये मद्रास इलाख्यात पोर्तो नोव्हो (परंगीपेट्टै) येथे लोखंडाचा कारखाना उभारला. त्याचा वृत्तान्त बहुधा अपयशाची कहाणी म्हणून लिहिला जातो : भांडवल तोकडे, कोळशाला जंगल पुरेना, कंपनी सरकारचे कर्ज डोक्यावर. हे खोटे नव्हे. परंतु या मांडणीत सेलमकडील देशी कारागीर प्रस्तावनेपुरताच उरतो, आणि तेथेच आमचा आक्षेप आहे.

हीथ यांचाच १८३९ सालचा निबंध पाहावा. बंद मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड व रुईची पाने घालून पोलाद कसे करीत, हे त्यांनी त्यात वर्णिले आहे. कृती अर्थातच देशी कारागिरांची.

शब्दही हेच सांगतो. या पोलादाचे ‘वूट्झ’ हे नाव जॉर्ज पिअर्सन यांच्या १७९५ च्या निबंधामुळे इंग्रजीत रूढ झाले, नमुने डॉ. हेलेनस स्कॉट यांनी (आपल्या) मुंबईहून धाडले होते. मूळ शब्द कन्नड ‘उक्कु’ मानतात. ‘क्क’चा ‘ट्झ’ कोणत्याही ध्वनिनियमाने होत नाही; ‘वूक’ लिहिताना वा छापताना प्रमाद घडला, हा तर्कच ग्राह्य वाटतो. तमिळ ‘उरुक्कु’ (पोलाद) तर ‘वितळणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. म्हणजे वितळविण्याची क्रिया त्या नावातच नोंदलेली आहे.

कारखान्याचे खनिजही सेलमकडूनच येई. तेव्हा हीथ यांच्या चरित्राने उघडणारे पहिले प्रकरण निदान त्या भट्ट्यांपासून आरंभावयास हवे होते.