कच्चं म्हणजे खरं का?

बॉब डिलनच्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'च्या न्यूयॉर्कमधल्या फिती 2018 साली एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकून कित्येक रसिक म्हणतात, 'खरा अल्बम हाच!' आज आपण या 'खरा' शब्दाकडेच जरा बघू.

सप्टेंबर 1974 मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं. डिसेंबरात, भावाच्या सांगण्यावरून, डिलनने मिनिआपोलिसला स्थानिक वादक घेऊन दहापैकी पाच गाणी पुन्हा केली. न्यूयॉर्कच्या फितींत गिटारवर आपटणारी कोटाची बटणंसुद्धा ऐकू येतात. 'इडियट विंड' तिथे खिन्न, स्वतःशीच बोलल्यासारखं आहे; मिनिआपोलिसला ते संतापून उठतं. या गाण्यात आपण काहीतरी गमावलं, हे मान्यच.

पण बटणांचा आवाज ही जवळिकीची खूण झाली. ती सत्याची खूण कशी ठरते? 'टँगल्ड अप इन ब्लू' बघा. 1991 साली बाहेर आलेल्या न्यूयॉर्क आवृत्तीत ते 'तो'पासून सुरू होतं, अल्बमवर 'मी'पासून. म्हणजे कच्च्या फितीतच अंतर जास्त. तो 'मी' मागाहून कमावलेला आहे. आधीचं ते अस्सल आणि नंतरची ती तडजोड, हा आपला हिशेब इथे चुकतो.

आणखी एक. वेष्टनं आधीच छापून झाल्यामुळे मिनिआपोलिसच्या वादकांची नावं त्यांवर आली नाहीत. 'खरा अल्बम न्यूयॉर्कचाच' म्हणताना आपण त्यांना दुसऱ्यांदा वगळतो. तेव्हा फिती जरूर ऐकू या, पण निवाडा करायला नको. निवड कशी घडली, ते समजून घ्यायला.