खर्ड्याचा जय आणि बखरींचें मौन

खर्ड्याच्या लढाईवरील बखरी व पोवाडे यांत वीररस ओथंबलेला आहे. परंतु केवळ रसानें इतिहास सिद्ध होत नाहीं. ११ मार्च १७९५ रोजीं निजामअल्लीचा मोड झाला. दौलताबादेसह मुलूख व द्रव्य देणें आणि दिवाण मशीरुल्मुल्क यास पेशव्यांच्या स्वाधीन करणें त्यास भाग पडलें. येथें बखरीचा रस सरतो. मोठ्या सत्तांचें राजकारण मात्र येथूनच पालटतें. १७९० सालीं टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम व पेशवे एक झाले होते. या युद्धांत सर जॉन शोअर यानें तटस्थता धरिली, तेव्हां रुष्ट निजामानें इंग्रज पलटणींस निरोप देऊन रेमंडची फ्रेंच कवायती फौज वाढविली. त्या धास्तीनें वेलस्लीनें १७९८ सालीं निजामाशीं तैनाती फौजेचा तह केला व ती फ्रेंच फौज मोडविली. जय पुण्याचा, फळ कलकत्त्याचें!

कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें छापून बखरी पारखण्याची कसोटी दिली, हे त्यांचे थोर उपकार होत. संग्राहकांस विनंती इतकीच कीं, विजयाच्या पत्रांबरोबर १७९५ नंतरचीं रुक्ष वकिली पत्रेंही जतन करावीं. या जयाचा खरा जमाखर्च त्यांतच सांपडेल.