अंदमानचे वाटाडे

प्रवासाची मार्गदर्शिका हा वाङ्मयाचा एक प्रकार आहे असे सहसा कोणी मानीत नाही. काव्य, नाटक, कादंबरी यांची परीक्षणे मासिकांतून येतात. मार्गदर्शिका मात्र रेल्वेच्या वेळापत्रकाशेजारी पडून राहते. तथापि मध्यमवर्गीय कुटुंबांत जी पुस्तके खरोखर अथपासून इतिपर्यंत, पेन्सिलीने खुणा करीत वाचली जातात, त्यांत हिचा क्रम बराच वर लागेल. शिवाय वाचकाच्या वर्तनावर हिचा जेवढा तत्काळ परिणाम होतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाचा क्वचितच होत असेल. कादंबरी वाईट निघाली तर वाचकाची एक दुपार फुकट जाते; मार्गदर्शिका वाईट निघाली तर तिचे मोल पुष्कळदा, ज्याने ती कधी वाचलेलीच नाही अशा तिऱ्हाइताला द्यावे लागते. म्हणून तिचेही परीक्षण व्हावयास हवे. आणि त्यासाठी अंदमानाइतके योग्य उदाहरण मराठी वाचकापुढे दुसरे नाही.

अंदमान हे नाव मराठी घरात भूगोलाच्या पुस्तकातून आले नाही. ते ‘माझी जन्मठेप’ या १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून आले. आजही यवतमाळ, वणी, पुसद यांसारख्या गावांहून दिवाळीनंतर जी कुटुंबे तिकडे जातात, त्यांच्या मनात सहल आणि यात्रा या दोन्ही भावना मिसळलेल्या असतात. २०१५ साली चौथे विश्व मराठी साहित्य संमेलन तेथेच भरले, यावरूनही हा ऋणानुबंध ध्यानात येईल. अशा वाचकासाठी सहलींच्या व्यावसायिकांनी, प्रकाशकांनी आणि हौशी प्रवाशांनी मराठीत लहानमोठ्या मार्गदर्शिका काढल्या आहेत. त्यांपैकी एखादीच निवडून तिच्यावर कोरडे ओढण्याचा येथे हेतू नाही. या सर्वांचा मिळून जो एक ठराविक साचा बनला आहे, त्याचा गुणदोषविचार करावयाचा आहे.

मार्गदर्शिका पारखावयाची कशावर? त्यासाठी कसोटी बाहेरून आणावयास नको. आपल्याच परंपरेत ती आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही सहा-सातशे वर्षांपूर्वीची मराठी कृती. श्रीचक्रधरांचे वास्तव्य जेथे जेथे झाले, ती स्थाने पुढच्या भक्ताला अचूक सापडावीत एवढ्यासाठी ती रचली गेली. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, या गोष्टी तीत इतक्या नेमकेपणाने सांगितल्या आहेत की अलंकाराला जागाच उरलेली नाही. दुसरे उदाहरण सोळाव्या शतकातील ‘त्रिस्थलीसेतु’ या संस्कृत ग्रंथाचे. मूळच्या पैठणच्या घराण्यातील नारायणभट्टांनी काशीत राहून प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेकरूंसाठी तो लिहिला. क्षेत्री जाऊन काय करावे आणि काय करू नये, असे विधी आणि निषेध दोन्ही त्यात आहेत. नेमकेपणा आणि विधिनिषेध, ही ती दुहेरी कसोटी होय.

प्रथम नेमकेपणा पाहू. या पुस्तिकांचे एक श्रेय मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. शाकाहारी जेवण कोठे मिळते, बोटीत मळमळू लागल्यास काय करावे, वृद्धांना कोणती चढण जड जाईल, हे त्या आपुलकीने सांगतात. परंतु नेमकेपणाची खरी परीक्षा घरगुती सोयींपलीकडे लागते. २०१८ च्या डिसेंबरात रॉस, नील आणि हॅवलॉक या बेटांना अनुक्रमे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहीद द्वीप व स्वराज द्वीप अशी नावे मिळाली. २०२४ च्या सप्टेंबरात खुद्द पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्याची घोषणा झाली. व्यवहारात जुनी-नवी नावे एकत्र नांदत असता पुस्तिकेने दोन्ही न दिल्यास नवखा प्रवासी धक्क्यावर गोंधळतो.

तीच गोष्ट सूर्याची. घड्याळ तेच असले तरी श्री विजयपुरम यवतमाळच्या पूर्वेस सुमारे साडेचौदा अंश आहे. तेथील माध्यान्ह आपल्यापेक्षा जवळजवळ एक तास आधी होते आणि डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. दुपारची झोप काढून चारला बाहेर पडणाऱ्या आमच्या कुटुंबाला ही एक ओळ दहा छायाचित्रांहून उपयोगी पडेल.

पाण्याविषयीचे मौन याहून खटकणारे आहे. अंदमानात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, ही माहिती हिरवाईच्या वर्णनाबरोबर येते. परंतु बेटे चिंचोळी, उताराची, ओढे आखूड, पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. शहराची भिस्त मुख्यतः धनिखारीच्या धरणावर. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे प्रवाशांची वर्दळ ओसरण्यापूर्वीच, तेथील रहिवाशाच्या नळाला पाणी मोजून मिळू लागते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी जे हाल सोसले ते ज्यांना आठवतात, त्यांना हा मजकूर समजावून सांगावा लागणार नाही. तो पुस्तिकेत असावयास मात्र हवा.

आता इतिहास. या पुस्तिकांतील सेल्युलर जेलचे प्रकरण बहुधा सर्वांत मनापासून लिहिलेले असते, आणि ते योग्यच आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी बेटाचा इतिहास ४ जुलै १९११ रोजी सावरकर तेथे उतरले तेव्हा सुरू होतो आणि १९२१ साली त्यांना हिंदुस्थानात परत आणले तेव्हा संपतो. आदरातून आलेला हा संक्षेप आहे. तरी त्याने त्या वास्तूचेच मोठेपण कमी होते. काळ्या पाण्याची वसाहत १८५८ साली, सत्तावनच्या उठावातील कैद्यांपासून सुरू झाली. १८७२ च्या फेब्रुवारीत शेर अली नावाच्या कैद्याने खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा तेथे वध केला. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाला सात पाखे आणि जवळजवळ सातशे कोठड्या होत्या. आज तीन पाखे उभे आहेत. १९३७ साली तेथील राजबंद्यांनी मोठे अन्नसत्याग्रह केले. १९४२ पासून १९४५ पर्यंत बेट जपान्यांच्या ताब्यात होते. १९४३ च्या अखेरीस नेताजींनी तेथे तिरंगा फडकविला. आणि अवघ्या एका महिन्याने, ३० जानेवारी १९४४ रोजी, हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांनी हंफ्रीगंज येथे ४४ हिंदी माणसांना गोळ्या घातल्या. ही सर्व माहिती एका पानात मावते. ती दिल्याने सावरकरांच्या कोठडीपुढील नमस्कार उणावत नाही. शेजारच्या कोठड्यांतून कोण होते हेही त्या वेळी कळते.

शिवाय तुरुंगाच्या भिंतीबाहेर जे गाव वसले त्याचे काय? शिक्षा भोगून तेथेच राहिलेल्या कैद्यांची संतती, १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आलेले कारेन, छोटा नागपुराकडून आलेले आणि ‘रांची’ या नावाने ओळखले जाणारे मजूर, १९४९ पासून वसविलेले पूर्व बंगालचे निर्वासित, तामीळ व तेलुगू कुटुंबे, यांतून आजचा अंदमानी समाज झाला आहे. एकमेकांशी हे लोक हिंदुस्थानीत बोलतात. प्रवाशाला दिवसभर भेटतात ते हेच: गाडीवान, नावाडी, खानावळवाले, दुकानदार. पुस्तिकेत ते बहुधा ‘स्थानिक लोक’ या दोन शब्दांत आटोपलेले असतात.

यानंतर जो दोष सांगावयाचा तो या सर्वांहून गंभीर आहे. चुन्याच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यासाठी प्रवासी बाराटांगला जातात. तिकडे जाणारा हमरस्ता जिरकाटांगच्या नाक्यापुढे जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी, पहाऱ्यात, तांडा करून सोडल्या जातात. वाटेत थांबण्यास, छायाचित्र घेण्यास, काही देण्यास मनाई आहे. १९५६ च्या विनियमाने या लोकांच्या भूमीस संरक्षण दिले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या अरण्यातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तो अमलात आला नाही. २०१२ च्या जानेवारीत, खाद्यपदार्थांच्या मोबदल्यात जारवा स्त्रियांना नाचावयास लावल्याचे चित्रण एका ब्रिटिश वृत्तपत्राने प्रसिद्ध केले, तेव्हा देशभर लाज वाटल्याचे बोलून दाखविले गेले. पुढे बाराटांगसाठी समुद्रमार्गाची पर्यायी सोयही करण्यात आली.

आता या पार्श्वभूमीवर पुस्तिकांची भाषा पाहा. ‘वाटेत नशिबात असेल तर आदिवासींचे दर्शन घडते’ अशा धर्तीचे वाक्य जेथे येते, तेथे त्याची जागाही पाहण्यासारखी असते: खाडीतील मगर आधी, जारवा मग, आणि नंतर गुहा. मनाईचा उल्लेख असलाच तर दंडाची भीती म्हणून, कॅमेरा सांभाळावयाच्या सूचनेसारखा. मनाई का आहे, हे सांगण्याचे कष्ट क्वचितच घेतलेले असतात. ‘दर्शन’ हा शब्द आपण देवाविषयी वापरतो, आणि अभयारण्यातील वाघाविषयीही वापरू लागलो आहो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाविषयी तो वापरला की लेखकाने त्याला माणसांच्या पंक्तीतून उठविले असे समजावे.

मनाईचे कारण सांगण्यास फार विद्वत्ता लागत नाही. १८५८ साली वसाहत झाली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. बाहेरून आलेल्या गोवर, उपदंश इत्यादी रोगांनी ते झपाट्याने खचले. १९६१ च्या शिरगणतीत ते अवघे १९ उरले होते. त्यांच्या बो या भाषेची शेवटची जाणकार स्त्री २०१० च्या जानेवारीत वारली आणि ती भाषा तिच्याबरोबर गेली. जारवांनी १९९७ पर्यंत बाहेरच्यांना बहुधा दूरच ठेवले. ते जवळ येऊ लागल्यावर दोनच वर्षांत, १९९९ साली, त्यांच्यात गोवराची साथ पसरली. गाडीच्या खिडकीतून टाकलेला बिस्किटाचा पुडा ही तेथे केवळ असभ्यता ठरत नाही.

यावर एक आक्षेप येईल व तो विचार करण्याजोगा आहे. रंगत, मायाबंदर, दिगलीपूर येथील रहिवाशांना इस्पितळास, कचेरीस जाण्यासाठी हाच रस्ता आहे. मग दोष एकट्या प्रवाशाच्या आणि त्याच्या पुस्तिकेच्या माथी का मारावा? रस्त्याचा वाद मोठा आहे आणि तो पुस्तिकेने सोडवावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाटेने जाणे वेगळे आणि पाहण्यासाठी त्या वाटेने जाणे वेगळे. दुसरा प्रकार ज्या वाक्यांमुळे वाढतो, ती वाक्ये लिहिणाऱ्याची जबाबदारी तरी त्याची स्वतःचीच आहे. समुद्रमार्ग आहे, तो पत्करावा. अरण्यातून जाणे झालेच तर काचा बंद ठेवून जावे. निषेधाच्या या दोन ओळींनी पुस्तिकेची किंमत वाढणार नाही, जाडीही वाढणार नाही.

हा विषय यवतमाळच्या वाचकाला परका वाटू नये. शासनाने ज्यांना आदिम जमाती म्हणून गणले, त्यांच्या यादीत अंदमान-निकोबारच्या ग्रेट अंदमानी, ओंगी, जारवा, सेंटिनेली व शोंपेन या पाच जमाती आहेत. आणि त्याच यादीत महाराष्ट्राच्या कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम या तीन आहेत. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतील कोलामांची पोडे आपल्या परिचयाची आहेत. कोलामांचे जीवन जारवांसारखे अलिप्त नाही. ते आपल्याच बाजारात येतात, कापूस वेचतात, घरी कोलामी आणि आपल्याशी मराठी बोलतात. तरीही बाहेरून आलेला पाहुणा पोडात न विचारता शिरून बायकापोरांची छायाचित्रे घेऊ लागला तर त्यांना काय वाटेल, हे ओळखणे आपल्याला अवघड जाऊ नये.

उद्या श्री विजयपुरमच्या एखाद्या लेखकाने यवतमाळ जिल्ह्याची मार्गदर्शिका लिहावयास घेतली, तर तो काय लिहील? टिपेश्वरचे वाघ लिहील, कापूस लिहील, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर एक हळहळीचा परिच्छेद लिहील, आणि शेवटी ‘वेळ असल्यास कोलाम पोड पाहावे’ अशी पुस्ती जोडील. असे पुस्तक हाती आल्यास आपण संतापू. त्याने काय लिहावे असे आपल्याला वाटते? एप्रिलात येथे पाणी जपून वापरा. शेताच्या धुऱ्यावर पंगत मांडण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारा. पोडात बोलावल्यावाचून जाऊ नका. आणि ज्या घरातील कर्ता पुरुष गेला त्या घराचे छायाचित्र घेऊ नका. आपल्या जिल्ह्यासाठी या चार सूचना आपल्याला हव्या असतील, तर अंदमानच्या मराठी मार्गदर्शिकेत त्यांच्या तोडीच्या चार सूचना मागण्याचा अधिकार वाचकाला आहे. पुढील आवृत्ती काढणाऱ्यांनी त्या पहिल्याच पानावर, बोटींच्या वेळापत्रकाच्या आधी छापाव्यात.